फुकटच्या वस्तूचा हिशेब

'फुकट' या शब्दाची मराठीत फार बदनामी झाली आहे. फुकट ते पौष्टिक असे आपण हसत हसत म्हणतो, आणि फुकटच्या वस्तूला किंमत नसते असेही त्याच तोंडाने सांगतो. दोन्ही वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जे फुकट मिळते ते कुणीतरी टाकून दिलेले असते. संगणकाच्या जगात मात्र असा एक मोठा साठा आहे जो कुणी टाकून दिलेला नाही. तो लोकांनी जाणूनबुजून, नियम लिहून, सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. आपण रोज त्यावर जगतो आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. आज त्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कारकुनाला यातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. मी प्रोग्रामर नव्हे. पण कचेरीत नवी संगणक प्रणाली आली की तिच्या चाचणीला ज्यांना बसवतात त्यांतला मी एक. अर्जदाराचे नाव पडद्यावर नीट दिसते आणि छापील दाखल्यावर त्याचे तुकडे होतात, तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाचे बोलणे प्रोग्रामर ऐकत नाही, आम्ही ऐकतो. त्या निमित्ताने हे तुकडे का होतात याचा माग काढत गेलो आणि पीएचपी नावाच्या गावात जाऊन पोचलो.

पीएचपी ही संकेतस्थळे चालवणारी संगणक भाषा. ज्या संकेतस्थळांची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश आजही पीएचपीवर चालतात. वर्डप्रेस, विकिपीडियाचे मीडियाविकी, शाळा-कॉलेजांतले मूडल हे सगळे त्याच घराण्यातले. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून उभा आहे तोही याच पायावर. या भाषेचा जन्म मात्र अगदी घरगुती. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात शिकलेल्या रास्मुस लेरडॉर्फ याने १९९४ च्या सुमारास, आपला बायोडेटा जालावर कोण कोण पाहून जाते याची नोंद ठेवण्यासाठी काही छोटी अवजारे लिहिली. म्हणजे आमच्या भाषेत आवक नोंदवहीच! ८ जून १९९५ रोजी त्याने ती सर्वांसाठी खुली केली. पुढे इस्राएलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी ती नव्याने लिहिली आणि १९९८ साली तिसरी आवृत्ती आली. आज आपण जिला पीएचपी म्हणतो ती खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची.

पण नुसत्या भाषेने संकेतस्थळ उभे राहत नाही. ईमेल पाठवायची, पीडीएफ काढायची, एक्सेलची फाईल वाचायची, तारखा मोजायच्या, पासवर्ड सांभाळायचे, अशी पन्नास कामे प्रत्येक ठिकाणी लागतात. गावात कुणाकडे मोठे कार्य निघाले की प्रत्येक जण नवी पातेली घडवून घेत नाही. ती देवस्थानातून किंवा मंडळाकडून आणतो, वापरतो आणि घासून परत करतो. पॅकेज म्हणजे अशी तयार भांडी. ईमेलसाठी पीएचपीमेलर, पीडीएफसाठी एमपीडीएफ, एक्सेलसाठी पीएचपीस्प्रेडशीट, तारखांसाठी कार्बन. आणि सगळे स्वयंपाकघरच मांडून हवे असेल तर फ्रान्सच्या फाबियां पोटांसिए याने २००५ साली आणलेले सिम्फनी, किंवा अमेरिकेतल्या टेलर ऑटवेल याने २०११ साली आणलेले लारावेल. गंमत म्हणजे लारावेलच्या आत डोकावले तर सिम्फनीचेच कित्येक भाग सापडतात. स्पर्धक म्हणवणारे एकमेकांची पातेली उघडपणे वापरतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. व्यापारी जगात हे दृश्य दुर्मिळच.

ही भांडी ठेवण्याची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. १९९९ साली पेअर नावाचे एक भांडार सुरू झाले. तिथे पॅकेज आत घ्यायचे तर आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग मतदान. दर्जा राहिला, पण गती गेली. सरकारी माणसाला हे लगेच समजेल! मग निल्स आडरमान आणि जोर्डी बोगियानो या दोघांनी कंपोझर नावाचे अवजार केले, ते १ मार्च २०१२ रोजी बाहेर आले. त्याच्या जोडीला पॅकेजिस्ट नावाची मोठी यादी. तिथे कुणीही आपले पॅकेज नोंदवू शकतो आणि कुणीही ते एका आज्ञेत मागवू शकतो. आज त्या यादीत काही लाख पॅकेजे आहेत.

कंपोझरची पद्धत मला फार आवडली, कारण ती आमच्या स्टोअरसारखी आहे. एका फाईलीत काय काय पाहिजे ते लिहायचे, हे झाले इंडेंट. दुसऱ्या फाईलीत, जिला लॉक फाईल म्हणतात, प्रत्यक्ष कोणती वस्तू, कोणत्या आवृत्तीची, कुठून आली याची नेमकी नोंद होते, हे झाले स्टॉक रजिस्टर. ही दुसरी फाईल हाती असेल तर पाच वर्षांनी नवा माणूस आला तरी काय बसवले होते ते त्याला कळते, आणि त्यातल्या कशात सुरक्षेचा दोष निघाला आहे तेही एका आज्ञेने तपासता येते. ती नसेल तर जुन्या इमारतीतली वायरिंग शोधावी तसे भिंत फोडत बसायचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दाखल्यावरच्या तुटक्या नावाकडे येऊ. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या रूढ साठवणीत तीन बाइट घेते. 'गोवा' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबी त्यात चार चिन्हे आहेत, ग, ओकार, व आणि काना. आणि पीएचपीच्या साध्या मोजणीत त्याची लांबी बारा भरते! इंग्रजीपुरता विचार करून कुणी 'नाव वीस अक्षरांत कापा' असे लिहिले, की मराठी नाव सातव्या चिन्हाच्या मध्येच कापले जाते आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो. डेटाबेसची तऱ्हा आणखी मजेशीर. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये काही न सांगता तक्ता केला तर, २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, वर्णमाला लॅटिन आणि क्रम चक्क स्वीडिश भाषेचा असे. अशा तक्त्यात मराठी मजकूर थेट टाकला की सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हे. कित्येक संस्थांच्या जुन्या याद्यांत आजही ती दिसतील.

छपाईची गोष्ट त्याहून नाजूक. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते पण दिसते व्यंजनाआधी. 'प्र' साठवताना तीन चिन्हे, दिसताना एक जोडाक्षर. ही जुळवाजुळव ब्राउझर आपोआप करतो. पीडीएफ काढणाऱ्या पॅकेजला ती शिकवावी लागते. ऑलिव्हिए प्लाते यांचे एफपीडीएफ हे सुबक, हलके, जगभर वापरलेले पॅकेज, पण मूळ रूपात ते युनिकोड घेतच नाही. डॉमपीडीएफला युनिकोड समजते, मात्र जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. मग 'प्रमाणपत्र' या शब्दाचे पाय मोडून पडतात आणि 'किरण'ची वेलांटी भलत्याच जागी लटकते. इयन बॅक यांनी एफपीडीएफच्याच पायावर एमपीडीएफ रचले आणि त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची ही जुळणी त्यात आली. परदेशातल्या एका माणसाने आपल्या लिपीच्या खोड्या समजून घेतल्या, त्या सोडवल्या आणि उत्तर सगळ्यांना देऊन टाकले. देवनागरीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? भाषेच्या परिषदांत आपण ठराव पुष्कळ करतो. वेलांटी जागेवर बसवणाऱ्याचे आभार मानणारा ठराव मी तरी ऐकलेला नाही.

भाषेच्या मुळातच ही सोय व्हावी असा प्रयत्नही झाला होता. २००५ च्या सुमारास पीएचपीची सहावी आवृत्ती संपूर्ण युनिकोड करण्याचे काम निघाले. काम अवघड, करणारे हात थोडे. २०१० साली ते सोडून द्यावे लागले. तोवर 'पीएचपी ६' या नावाने पुस्तकेसुद्धा छापून झाली होती! त्यामुळे पुढच्या मोठ्या आवृत्तीला सहा आकडा टाळून सातवी म्हटले गेले, ती २०१५ च्या डिसेंबरात आली. तेव्हापासून युनिकोडची सोय तुकड्यातुकड्याने होते आहे. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या ८.४ आवृत्तीत शब्दाचे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तुकडे करण्याची सोय आली. म्हणजे 'गोवा'चे दोन अक्षरांत तुकडे करण्याची थेट सोय मिळायला भाषेच्या वयाची जवळजवळ तीस वर्षे लागली. यात कुणाचा आकस नव्हता. ज्यांना गरज होती ते त्या खोलीत पुरेशा संख्येने नव्हते, एवढेच.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. खुला साठा म्हणजे धनी नसलेला साठा नव्हे. तो कुणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर उभा असतो. पीएचपीमेलर घ्या. २००१ साली ब्रेंट मॅटझेल यांनी ते सुरू केले, पुढे मार्कस बॉइंटन यांनी सांभाळले. वर्डप्रेस आणि जूमला दोन्हींच्या पोटात ते आहे. २०१६ च्या डिसेंबरात त्यात एक गंभीर दोष सापडला. दुरुस्ती काही दिवसांतच मिळाली. पण ती आपापल्या सर्व्हरवर बसवायची कुणी? जिथे स्टॉक रजिस्टरच नाही तिथे हे पॅकेज आपण वापरतो हेसुद्धा कुणाला माहीत नसते.

खुद्द पीएचपीची स्थिती २०२१ साली उघड झाली. भाषेचा गाभा खोलवर जाणणारी माणसे दोनच आहेत की काय, अशी चिंता त्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाने जाहीरपणे मांडली. त्यांतले निकिता पोपोव्ह वर्षअखेरीस दुसऱ्या कामाकडे वळले. जगातल्या बहुसंख्य संकेतस्थळांचा भार आणि खांदे इतके कमी! मग २२ नोव्हेंबर २०२१ रोजी पीएचपी फाउंडेशनची घोषणा झाली. जेटब्रेन्स, ऑटोमॅटिक, लारावेल, सिम्फनी आदी दहा कंपन्या त्यात उतरल्या, आणि भाषा सांभाळणाऱ्यांना पगार मिळू लागला. २०२४ साली जर्मनीच्या सरकारी पैशावर चालणाऱ्या सॉव्हरिन टेक फंडाने फाउंडेशनला सुरक्षेच्या कामासाठी निधी दिला. रस्ते आणि पूल यांच्यासारखीच ही सार्वजनिक बांधणी आहे, हे एका सरकारने ओळखले.

आम्हा गोवेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. गावाची जमीन सामाईक ठेवणारी गावकरी पद्धत आमच्याकडे पोर्तुगीज येण्याआधीपासून होती. १५२६ च्या फोरालाने त्या रूढी फक्त कागदावर उतरवल्या. पॅकेजबरोबर येणारे लायसन्स म्हणजे एक प्रकारचे फोरालच. एमआयटी लायसन्स म्हणते, नाव आणि ही अट कायम ठेवा, मग काय हवे ते करा. जीपीएल म्हणते, बदल करून दुसऱ्याला दिलेत तर मूळ कोडही त्याच मोकळिकीने द्या. एक सैल, दुसरे कडक, पण दोन्ही लिखित.

आणि खाजन शेती आठवा. भरतीचे खारे पाणी अडवणारा मातीचा बांध आणि पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस, यांच्या जिवावर ती सगळी शेते. बांध कुणा एकाचा नव्हे, म्हणून त्याला माती घालणे सगळ्यांचे काम. जिथे ही जबाबदारी कुणाची हेच अस्पष्ट झाले तिथे बांध फुटले, शेतात खारे पाणी शिरले. बांध फुटायच्या आदल्या दिवशीही शेत हिरवेच दिसते, ही यातली खरी गोम. संकेतस्थळाचेही असेच आहे.

आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक संस्थेचे संकेतस्थळ असेच गेले. कंत्राटदाराने ते केले, पैसे घेतले, पुढे धंदा बंद केला. बरीच वर्षे ते चालत राहिले. मग सर्व्हर पुरवणाऱ्याने पीएचपीची सातवी आवृत्ती बसवली. डेटाबेसशी बोलण्याची जुनी पद्धत त्या आवृत्तीतून काढून टाकलेली, ती जाणार हे २०१३ सालीच जाहीर झालेले. संकेतस्थळ पांढरे पडले. कोड कुणाकडे नाही, मजकुराची प्रत नाही. जुन्या लेखांचा, सभांच्या वृत्तांताचा, स्मरणिकांचा तो साठा होता. हे पॅकेजचे पाप नव्हे आणि फुकटपणाचेही नव्हे. निविदेत 'संकेतस्थळ चालू करून देणे' एवढेच लिहिले होते आणि कंत्राटदाराने तेवढेच केले.

'फुकटचे आहे म्हणूनच असे होते, पैसे देऊन बंद पेटीतले घ्या' असे म्हणणारे अधिकारी भेटतात. त्यांना मी विचारतो, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकलेला आपला जुना मजकूर आज किती जणांना सरळ वाचता येतो? ती पेटी पैसे देऊनच घेतली होती. उघड्या कोडमध्ये चोर शिरतो हेही अर्धेच खरे. २०२१ च्या मार्चमध्ये पीएचपीच्या मूळ कोडमध्ये कुणीतरी लेरडॉर्फ आणि पोपोव्ह यांच्याच नावाने घातक ओळी घुसवल्या. कोड उघडा असल्यामुळे इतरांच्या नजरेस ते काही तासांत आले आणि त्या ओळी कुठल्याही प्रसिद्ध आवृत्तीत पोचल्या नाहीत. उघड्या अंगणात चोर येतो, पण शेजारीही पाहत असतात. अट एकच, शेजारी जागे पाहिजेत.

दुसऱ्या टोकाचाही अतिरेक आहे. क्षुल्लक कामासाठी पॅकेज आणायचे, ते आपल्याबरोबर आणखी दहा आणते, आणि त्यांतले दोन कुणी सांभाळत नाही. कार्य पन्नास पानांचे आणि पातेली पाचशे पानांची! प्रत्येक पॅकेज हे एक नाते आहे, जोडण्याआधी घराणे पाहावे. शेवटची दुरुस्ती कधी झाली, किती जण सांभाळतात, देवनागरी जमते का, एवढे तरी पाहावे. एकेकाळी एक्सेलसाठी पीएचपीएक्सेल सगळीकडे होते. २०१७ साली त्याच मंडळींनी ते थांबवून पीएचपीस्प्रेडशीट पुढे केले. ज्यांनी लक्ष ठेवले ते नव्यावर गेले, बाकीचे जुन्यावरच बसून राहिले.

मग करायचे काय? केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. म्हणजे घेण्याची परवानगी आहे. सांभाळण्याची सवय मात्र आपण लावून घ्यायची आहे. माझ्या मते सरकारी खाते असो की गावचे वाचनालय, निविदेत तीन वाक्ये वाढवली तरी पुष्कळ होईल. पहिले, संपूर्ण कोड, लॉक फाईल आणि डेटाबेसची प्रत संस्थेच्या ताब्यात द्यावी. दुसरे, पीएचपीची वापरलेली आवृत्ती सुरक्षेच्या मुदतीत असावी आणि ती मुदत संपण्याआधी बदलून द्यावी. ७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, तरी तिच्यावर चालणारी ठिकाणे कमी नाहीत. तिसरे, जोडाक्षरांची नावे घालून, पडद्यावर आणि कागदावर दोन्हीकडे, चाचणी झाल्याशिवाय बिल मंजूर करू नये. या तिसऱ्या अटीला एक पैसाही खर्च नाही. 'ज्ञानेश्वर', 'श्रीकृष्ण', 'किर्लोस्कर' एवढी तीन नावे छापून बघितली तरी पुरे.

आणि माती घालण्याचे काम? ते केवळ प्रोग्रामरचे नाही. कार्बन पॅकेज मराठीत 'दोन दिवसांपूर्वी' म्हणू शकते, कारण कुणीतरी बसून ते शब्द भरले. त्या शब्दांत चूक दिसली तर ती कळवायला कला शाखेची पदवी पुरते, किंबहुना तीच जास्त उपयोगी. विभक्तीचा प्रत्यय कुठे लागतो हे संगणक अभियंत्यापेक्षा आपल्याला चांगले कळते. दोष नेमका कळवणे, कोणता शब्द टाकला, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले हे लिहिणे, हीसुद्धा बांधावर टाकलेली एक टोपली मातीच. संस्थेला जमत असेल तर वर्षाकाठी थोडी रक्कम ज्या पॅकेजवर आपण जगतो त्याच्या कर्त्याला द्यावी. देवळात दानपेटी पाहून आपला हात आपोआप खिशात जातो, इथे पेटी दिसत नाही एवढाच फरक.

यात आमचा जुना वादही आड येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून कोकणी की मराठी यावर आम्ही पुष्कळ शाई आणि घसा खर्च केला. पण वेलांटी जागेवर बसली तर ती दोघांचीही बसते. पॅकेजला दुरुस्ती पाठवणाऱ्याला कुणी मातृभाषा विचारत नाही. बेळगावात, इंदुरात, बडोद्यात बसून मराठी संस्था चालवणाऱ्यांना तर याची गरज आमच्याहून जास्त आहे, कारण तिथे मराठी दाखल्याची, मराठी पावतीची काळजी सरकार करणार नाही. ती संस्थांनाच करावी लागते आणि त्यांच्या गाठीला पैसा बेताचा.

भाषा टिकवायची म्हणजे संमेलने भरवायची एवढेच आपण समजत आलो. संमेलने हवीतच. पण ज्या यंत्रातून भाषा रोज लिहिली, साठवली आणि छापली जाते, त्या यंत्राच्या आत आपले कुणीतरी असले पाहिजे. तिथले दार उघडे आहे, आत यायला शुल्क नाही. परक्याने आपली वेलांटी नीट बसवून दिली, त्याला देव बरे करो. पुढची दुरुस्ती मात्र आपल्या हातची असावी.